पोसायला दिलेला वारा

नैरोबी
४ फेब्रुवारी २०१३

आत्या,

शांती आहे ना? उंटांना शांती, शेळ्यांना शांती, दुकानाला शांती, तुझ्या गुडघ्याला शांती? सगळं रीतसर विचारून झालं. आता कामाचं लिहितो. नाहीतर म्हणशील, भाचा शहरात गेला आणि तोंडात काही वळण राहिलं नाही.

गेलं वर्षभर आपल्या टेकाडावर कंपनीनं एक बारीक खांब उभा केलाय ना, वर वाट्या फिरतात तो, त्याची मोजमापं आली.  यान म्हणून आमचा इंजिनियर आहे. तो म्हणाला, असा वारा त्यानं आजवर कुठे पाहिला नाही. रात्री चढतो, दिवसा दमत नाही, आणि रोज एकाच बाजूनं येतो. मला हसू आलं. बाबा हेच सांगतात, फक्त शिव्या घालून सांगतात.

कंपनीला ते टेकाड हवंय. मोठमोठे पांढरे खांब, त्यांना पाती, त्यातून वीज. टेकाड सगळ्यांचं असलं तरी शब्द बाबांचा चालतो, हे तुला मी काय सांगणार. बाबा हो म्हणाले तर पलीकडच्या पाड्यावरचा खोकणारा म्हातारासुद्धा हो म्हणेल.

आणि हे नीट वाच. त्या विजेची एक तार एल-दिम्तूच्या विहिरीवर येणार. मी ते कबूल करून घेतलंय. डिझेल संपलं की पंप आचके देतो आणि मग तुम्ही सगळ्या विहिरीत एकीखाली एक उभ्या राहून बादल्या वर देता, ते कायमचं बंद. तुझी पाठ त्या विहिरीनं खाल्ली. आपल्या घरातल्या आणखी कुणाची मला खाऊ द्यायची नाही.

बाबांना जरा तयार करून ठेव. मी यानला बजावलंय, की हात हलवत जायचं नाही. कॉफीच्या बिया, तंबाखू आणि एक कोरं कापड घ्यायचं, उंटांच्या कुंपणाच्या दाराशी बसायचं, बोलावल्याशिवाय आत शिरायचं नाही. दुभाष्या मीच आहे. 

इथे वारा नाही गं. खिडकीचा पडदा दिवसच्या दिवस हलत नाही. परवा स्वप्नात आपलं चाल्बीचं वाळवंट पाण्यानं भरलं होतं आणि मी त्यावरून चालत घरी येत होतो. पाय ओले होत नव्हते. जाग आली तेव्हा बाहेर नुसत्या गाड्या.

तुझा
इसाको


एल-दिम्तू
१९ मार्च २०१३

इसाको,

आलास काय, गेलास काय! एक रात्र राहिला असतास तर तुझी कंपनी बुडाली असती का? हुकाची बकऱ्यांची लॉरी उद्या नैरोबीला निघतेय म्हणून घाईनं लिहितेय. पत्राला बोकडाचा वास आला तर नाक मुरडू नकोस, तू त्याच वासात वाढलायस.

तुझा तो यान बरा आहे हो. दुपारभर कुंपणाच्या दाराशी बसून राहिला, नाकाची सालं निघाली पण हलला नाही. आमच्या पोरी त्याला बघायला पाण्याच्या निमित्तानं तीनतीनदा गेल्या. 

पण खरं सांगू? दादानं मला चाट पाडलं. कागदावर अंगठा उठवून झाल्यावर तू पैशाचं पाकीट पुढे केलंस आणि माझ्या भावानं हात मागे घेतला. माझा भाऊ! दुकानातनं चहाची पुडी नेताना मला दहादा विचारतो, बहिणीला काही सवलत आहे का म्हणून. तुम्ही गेल्यावर मी विचारलं, "दादा, ऊन लागलं का तुला? पैसे का नाही घेतलेस?" तर म्हणतो, "असल्या गोष्टीचे पैसे घेतात का, बोकायो? मला काय दलाल समजलीस?" आणि मग हसला. म्हणाला, "किती वर्षांनी कुणी नीट मागायला आलं. पोरानं शिकवलेलं दिसतंय त्यांना." 

तुझ्याबद्दल त्याच्या तोंडून चांगलं निघालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. जप ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशाची वाटी भरून दूध घेऊन टेकाडावर गेला आणि त्या बारीक खांबाच्या बुडाशी शिंपडून आला. खांबाशी काहीतरी बोललासुद्धा. मी लांब होते, ऐकू आलं नाही.

आता तुझ्याकडे वळते. लग्नाचं काय? बत्तीस उलटली. इथे तुझ्या वयाच्यांना पाचपाच पोरं आहेत आणि तुला पडदा हलत नाही याचं दुःख.

आत्या


नैरोबी
२ मे २०१३

आत्या,

बाबांनी काय केलंय याची त्यांना कल्पना नाही. ऑफिसात केक कापला! बाबांच्या अंगठ्याचा कागद फ्रेम करून लावलाय, खाली लिहिलंय, 'समाजानं दिलेलं दान'. यान सगळ्यांना सांगत सुटलाय, की आफ्रिकेत असा म्हातारा दुसरा नाही. पैसेवाले लोक परदेशातून येतात, त्यांना तो आधी तो कागद दाखवतो आणि मग वाऱ्याची मोजमापं. मला बढती मिळाली. घरही जरा मोठं घेतलंय.

खांब वर्षाअखेर यायला लागतील. रस्ता त्याआधी.

लग्नाचं विचारू नकोस. काम फार आहे.

बाबा खांबाशी काय बोलले, विचारलंस का त्यांना?

इसाको


एल-दिम्तू
११ जानेवारी २०१५

इसाको,

दीड वर्षात तुझी तीन पत्रं, त्यातलं एक तर नुसत्या मिठाच्या गोण्यांबद्दल. मोठा माणूस झालास. असो, शांती असो.

तुझे खांब फिरायला लागले. तू फोटो बघितले असशील, पण फोटोत ते नुसते उभे असतात. इथे ये आणि दुपारी बघ. चाल्बीवर ऊन चढलं की खालची जमीन पाणी होते, तुला ठाऊक आहे, आणि मग ते पांढरे खांब त्या पाण्यातून चालत येतात. एकामागून एक, मान हलवत. मी दुकानाच्या दारात बसते आणि गिऱ्हाईक हाक मारतं तेव्हा कळतं की चहा उतू गेला. परवा मला वाटलं, त्यातला एक खाली बसला. डोळे चोळले तर उभाच होता.

उंटं आधी बुजली. वाकडी मान करून पळाली, दोन दिवस शोधावी लागली. आता त्यांना काही नाही. उलट दुपारी पहिल्या खांबाच्या सावलीत रांगेनं बसतात, आणि सावली सरकली की उठून पुन्हा सावलीत. संध्याकाळपर्यंत सगळा कळप असा अर्धं टेकाड फिरून येतो, कुणी न हाकता. दादा म्हणतो, आयुष्यभर राखणी केली ती फुकट गेली, एक खांब रोवला असता तर भागलं असतं.

दादा रोज तिथे जातो. पाठ टेकून बसतो. आत घों घों असा आवाज येतो ना, तो ऐकतो आणि घरी येऊन मला सांगतो, "रवंथ चाललंय. तब्येत बरी आहे." मी म्हटलं, "कुणाची?" तर माझ्याकडे असं बघितलं, की मीच खुळी.

पण विहिरीवर तार नाही, इसाको. डोक्यावरून जाड जाड तारा गेल्या, डोंगर ओलांडून तुमच्या शहराकडे. त्यांच्याखाली आम्ही बादल्याच ओढतोय. गेल्या महिन्यात पंप आठ दिवस बंद होता आणि माझ्या सुनेचा खांदा निखळला. मी दादाला म्हटलं, चल, कंपनीला जाब विचारू. तो म्हणतो, "पहिलं दूध ज्याच्या दाराशी बांधली त्याचं. वासरू होऊ दे, मग आपलं." कसलं वासरू ते मला सांगायला तयार नाही. म्हातारा होत चाललाय, दुसरं काय.

तू तरी सांग, तार कधी येणार?

आत्या


नैरोबी
८ जून २०१५

आत्या,

सुनेचा खांदा कसा आहे? मला फार वाईट वाटलं. तारेचं मी विसरलो नाही, रोज कुणाच्या तरी टेबलाशी जाऊन उभा राहतो. ते म्हणतात, ते दुसऱ्या टप्प्यात आहे.

आता चांगली बातमी. दुसरा टप्पा येतोय! आपले खांब इतके चांगले चालले, की दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं ते सगळेच्या सगळे विकत घेतले. पहिली कंपनी गेली, यानही गेला, निरोप सांगून गेला बाबांना. नवे लोक पश्चिमेकडचे आहेत, डाकारचे, म्हणजे आफ्रिकेचेच. त्यांना उत्तरेकडचं टेकाडही हवंय. एवढा पैसा या कामात आपल्या भागात कधी आला नव्हता. उत्तरेच्या टेकाडाबरोबर विहिरीची तार, या वेळी कागदावर, माझ्या डोळ्यांदेखत लिहिलेली.

फक्त बाबांचा अंगठा हवा. गाडी पाठवतोय, ड्रायव्हरजवळ कागद आणि शाई आहे. मी स्वतः यायला हवं होतं, पण घरी एक अडचण आहे, निघता येत नाही. तू बाबांना समजावून सांग. एका दिवसाचं काम आहे.

इसाको


एल-दिम्तू
१ जुलै २०१५

इसाको,

तुझा ड्रायव्हर कागद कोरा घेऊन परत आला असेल. जिवंत परत आला यात समाधान मान.

मी दादाला तुझं पत्र वाचून दाखवलं. "दुसऱ्या कंपनीनं विकत घेतले" इथपर्यंत आले आणि तो उठून उभा राहिला. "काय केलं? दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधली? मला न विचारता?" मी म्हटलं, "काय बांधली, दादा?" तेव्हा तो ओरडला. आमची आई गेली तेव्हासुद्धा हा माणूस आवाज चढवून बोलला नव्हता. "दबारे दिलं होतं मी! वारा दबाऱ्यानं दिला होता!"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तुझ्या पडला नसेल तर तुझ्या शाळेला काडी लाव.

अरे शहाण्या, ज्याच्या घरी दुभती उंटीण नाही तो काय करतो? कॉफीच्या बिया, तंबाखू आणि कोरं कापड घेतो आणि उंटवाल्याच्या कुंपणाच्या दाराशी जाऊन बसतो. उंटवाला पैसा घेत नाही, पैसा घेतला की तो सौदा झाला. तो उंटीण पोसायला देतो. दूध पोसणाऱ्याचं, नर वासरं पोसणाऱ्याची. पण उंटीण देणाऱ्याचीच राहते, आणि तिच्या पोटची प्रत्येक मादी देणाऱ्याची, नातीपणतीपर्यंत. पोसणाऱ्यानं ती तिसऱ्याला द्यायची झाली तर आधी तिसऱ्याला बरोबर घेऊन मालकाच्या दाराशी यायचं आणि विचारायचं. हे दबारे. आपल्याकडे दूध पिणाऱ्या पोराला ठाऊक असतं.

आणि तू काय केलंस? तूच त्यांना बिया घ्यायला सांगितलंस, तूच कापड, तूच दाराशी बसवलंस! तुझ्या बापानं दुसरं काय समजायचं होतं? तू तिथे दुभाष्या म्हणून बसला होतास की कुंपणाचा काटा म्हणून? म्हातारा दोन वर्षं खांबाला पाठ लावून मादी वासराची वाट बघत होता, आपल्या विहिरीच्या तारेची, आणि तुम्ही तिकडे 'दान' म्हणून फ्रेम करून बसलात. नैरोबीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. तू तर उंटाशिवाय हाकतोस.

दुसऱ्या दिवशी त्यानं घर हलवायला लावलं. बायकांनी तंबू सोडला, काठ्या-कातडी चार उंटांवर लादली आणि पहिल्या खांबाच्या अगदी बुडाशी, तुमच्या रस्त्याच्या मधोमध, घर उभं केलं. मीही दुकान बंद करून गेले, भाऊ आहे माझा. आता तुमची गाडी पुढे जात नाही. रात्रभर डोक्यावर पाती फिरतात, तंबूच्या छतावरून सावली येते आणि जाते, येते आणि जाते. पोरांना त्यानं झोप छान लागते. मला उलटसुलट स्वप्नं पडतात, की आमचा तंबूच फिरतोय.

दादाचं म्हणणं एवढंच आहे: ज्यांनी घेतली त्यांनी यावं आणि विचारावं. नाहीतर उत्तरेचं टेकाड विसरा, आणि हेही मी सोडवून नेतो. वारा कसा सोडवून नेणार, हे मी त्याला विचारलेलं नाही. तू विचार, हिंमत असेल तर.

आत्या


नैरोबी
१६ ऑगस्ट २०१५

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं.  मी विसरलो नव्हतो गं. मला वाटलं, बाबांना आवडतं म्हणून बिया, बाबांना मान द्यायचा म्हणून दाराशी. त्या सगळ्याला मिळून एक नाव आहे, हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

इथे दोन आठवडे वादळ. वकील म्हणाले, कागदावर दान आहे, पोलीस बोलवा, तंबू हलवा. मी उभं राहून सांगितलं की ते दान नव्हतं. दुभाष्या मी होतो, चूक माझी, तो पोसायला दिलेला वारा आहे. कुणीतरी खी खी करून हसलं. म्हणालं, "मग आता वाऱ्याला वासरू कधी होणार?" माझे कान लाल झाले. नोकरी गेलीच असं धरून मी खाली बसलो.

नव्या कंपनीच्या मुख्य बाई टेबलाच्या टोकाशी होत्या, पेंदा काने.  त्या म्हणाल्या, "माझे आजोबा गुरं राखायचे. आमच्यात गाय देतात अशी. एखाद्याचा गोठा रिकामा झाला की त्याला गाय द्यायची. तीन वासरं झाली की गाय परत." मग वकिलांकडे वळून म्हणाल्या, "दुसऱ्याची गाय माझ्या दारात बांधली गेली आणि मी मालकाला सलामसुद्धा केला नाही. माझी आजी असती तर मला घरात घेतलं नसतं." 

त्या येतायत, आत्या. स्वतः, पोलीस न घेता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. विहिरीची तार आधी, उत्तरेचं टेकाड नंतर, असंही म्हणाल्या. बाबा हो म्हणाले तर वर्षाच्या आत विहिरीत कुणाला उतरावं लागणार नाही. 

त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. मी नाही म्हटलं.

कारण तुला सांगतो, आणखी कुणाला सांगण्यासारखं नाही. माझं लग्न झालंय. दोन वर्षं झाली. मुएनी तिचं नाव, कांबा जमातीची आहे, शाळेत शिकवते. बाबांना विचारलं नाही, कारण ते नाही म्हणतील असं वाटलं. मग सांगितलं नाही, कारण विचारलं नव्हतं. आणि जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. जूनमधली अडचण म्हणजे ती, तिला ताप होता. रात्री मी तिला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभा राहतो आणि आपल्याकडचा वारा कसा बोलतो ते तोंडानं करून दाखवतो. ती हसते. मग मला तुम्हा सगळ्यांची इतकी आठवण येते, की तिला लवकर मुएनीकडे द्यावं लागतं. वाऱ्याबद्दल बाबांना तोंड दाखवेन एक वेळ, पण हिच्याबद्दल कसं दाखवू?

हे शेवटचं पान बाबांना वाचून दाखवू नकोस.

इसाको


एल-दिम्तू
२० सप्टेंबर २०१५

इसाको,

वाचून दाखवलं. अरे गाढवा, "वाचून दाखवू नकोस" ही ओळ पानाच्या शेवटी लिहितात का? मी ओळीमागून ओळ मोठ्यानं वाचत आले, तिथे पोचले तोवर सगळं सांडलं होतं. आणि खरं सांगायचं तर आधी लिहिली असतीस तरी मी वाचलंच असतं. मला मेलीला नात झाली आणि मी आठ महिने इथे साखर मोजत बसले होते!

दादा उठून खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. मी चहा नेला, तो तसाच गार झाला.

पुढे ऐक. पेंदाबाई आल्या. उंच, सावळ्या, डोईला निळं कापड. दाराशी बसल्या, आणि आपल्या पोरींसारखं बसता येतं त्यांना, यानसारखं उकिडवं नाही. दादानं मुद्दाम ताटकळत ठेवलं. त्या बसल्या जागेवरून आपल्या उंटांची खोड काढत राहिल्या, ही लंगडते, हिला खरूज आहे, आणि दोन्ही खरं होतं. दादाला राहवेना. त्यानं आत बोलावलं.

त्या म्हणाल्या, "तुमची वस्तू माझ्या दारात आहे. मला आत्ता कळलं. ठेवू का, की सोडून नेता?" 

दादा म्हणाला, "तुमच्यात तीन वासरांनी परत देतात म्हणे?"

"हो."

"फार घाईची माणसं तुम्ही. आमच्यात कधीच परत होत नाही. येणंजाणं चालू राहावं म्हणून तर द्यायची." आणि दोघंही असे हसले, की बाहेर उभ्या माणसांनी आत डोकी घातली.

मग सगळं ठरलं. खांब त्यांच्या दाराशी राहतील. पहिलं मादी वासरू विहिरीची तार. दुसरं झालं की दवाखान्याची. दर मोठ्या पावसानंतर बाईंनी किंवा त्यांच्या जागी जो असेल त्यानं येऊन बसायचं, आणि कुणाला पुढे द्यायची तर त्याला घेऊन यायचं. हे सगळं त्यांच्या कारकुनानं कागदावर उतरवलं, आणि 'दान' कुठेही लिहू दिलं नाही, मी नजर ठेवून होते. उत्तरेचं टेकाडही त्यात आलं. कारकुनानं शाईचा डबा उघडून पुढे ठेवला. बाहेर बायका ऐकत होत्या. माझी सून खांदा धरून उभी होती.

दादानं अंगठा बुडवला, आणि तसाच धरून राहिला.

म्हणाला, "बाई, वाऱ्याचं मिटलं. पण माझं आणखी एक दबारे आहे तुमच्या नैरोबीत. मिशनच्या शाळेच्या गाडीत मी एक पोरगा बसवून दिला होता. दान नव्हता दिला. त्याचं दूध त्या शहरानं प्यावं, माझी ना नाही. पण त्याला मादी झाली आणि मालकाला कुणी कळवलं नाही. हे मिटल्याशिवाय मी अंगठा कसा उठवू?"

 मी बघितलं तर माझा भाऊ रडत होता, इसाको. डोळे पुसतही नव्हता. शाईनं भरलेला अंगठा वर धरलेला, तो कपड्याला लागू नये म्हणून. मला वाटलं होतं तो संतापेल, परक्या जातीची बायको केली म्हणून घर बंद करेल. त्याच्या तोंडातून त्याबद्दल अवाक्षर निघालं नाही. रात्री झोपताना मला म्हणाला, "बोकायो, पोरगी कुठल्या वेळेची, ते लिहिलंय का त्यानं? संध्याकाळची असली तर नाव वेगळं, पहाटेची असली तर वेगळं. वेळ कळल्याशिवाय मी हाक कशी मारू?" आणि मी तुझं पत्र दिव्याजवळ नेऊन पुन्हा सगळं वाचलं. तू लिहिलंच नव्हतंस.

अंगठा झालेला नाही. कागद माझ्याकडे आहे, विहीर तिथेच आहे, आणि दादा खांबाखालून तंबू हलवायला तयार नाही. पेंदाबाई जाताना म्हणाल्या, "मी थांबते. मालक बरोबर बोलतोय."

आता तू ठरव.

आत्या


नैरोबी
२९ सप्टेंबर २०१५

आत्या,

शुक्रवारी हुकाच्या लॉरीनं आम्ही तिघं निघतोय. हे पत्र त्याच्या दुसऱ्या लॉरीनं आधी पोचेल.

मुएनीला मी सगळं वाचून दाखवलं, बाबांचं बोलणं दोनदा. ती मग म्हणाली, "म्हणजे पोरगी त्यांची?" मी म्हटलं, "हो. रीतीनं त्यांची." ती म्हणाली, "परत इकडे आणायची तर?" मी म्हटलं, "मागावी लागेल. दाराशी बसून." तिनं पोरीला उचलून घेतलं, तिच्या डोक्याचा वास घेतला आणि म्हणाली, "मग मीही बसते. दोघांनी मागितलं तर म्हातारा लवकर देईल का?" मला हसूही आलं आणि रडूही. बाबा लवकर देणार नाहीत, आत्या. पेंदाबाईंपेक्षा जास्त ताटकळत ठेवतील. ठेवू देत. मला आता कसलीच घाई नाही.

कागदावर आम्ही तिला मुएनीच्या आईचं नाव लावलंय. घरात मात्र आठ महिने नुसतं 'बाळ' म्हणतोय. नावाचा विषय निघाला की मी काहीतरी काम काढून उठायचो, आणि मुएनीला वाटायचं मला तिच्या आईचं नाव आवडलं नाही.

बाबांना सांग, पोरगी पहाटेची आहे.